४८ पानी कॅटलॉग: ब्रीफपासून बांधणीपर्यंतच्या नोंदी

४ जून

आमची एजन्सी पाच जणांची आहे: दोन डिझायनर, एक कॉपीरायटर, क्लायंटशी बोलणारा एक सहकारी आणि कोटेशन, छपाई व हिशेब सांभाळणारी मी. हातअवजारे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॅटलॉगचे काम आज सुरू झाले. आकार ए४, आतील ४८ पाने १३० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ २५० जीएसएमचे, बांधणी सेंटर पिनची (कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारलेली) आणि मजकूर मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. डिझाइन कसे करावे हे सांगणारे पुष्कळ असतात, पण अशा कामात वेळ आणि पैसा नेमका कुठे झिरपतो हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. असेच काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या लहान एजन्सीला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवे आहे याचा तपशील, फोनवर मिळाला. तो आम्ही एका पानावर लिहून काढला आणि दुरुस्तीसाठी क्लायंटकडे पाठवला. वाचणारा कोण (दुकानदार की शेवटचा ग्राहक), प्रती किती, भाषा कोणत्या, तारीख कोणती, या रकान्यांची उत्तरे नीट आली. ‘अंतिम मंजुरी कोण देणार’ या रकान्यात मात्र ‘मार्केटिंग विभाग’ असे लिहून आले. एका व्यक्तीचे नाव मागितले तेव्हा आमच्याकडे सगळे मिळूनच ठरवतात, असे उत्तर मिळाले. तारीख जवळ असल्यामुळे त्यावर अधिक ताणले नाही. कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. फेरी म्हणजे नेमके काय, हे त्यात लिहिलेले नाही.

१० जून

उत्पादनांची यादी एक्सेलमध्ये आली, तेवढे बरे झाले. फोटो मात्र काही वर्डच्या फाइलीत चिकटवलेले आणि उरलेले मेसेजिंग ॲपवरून आले. ॲपवरून आलेल्या फोटोंची लांब बाजू १६०० पिक्सेल निघाली. छपाईसाठी ३०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) धरले तर असा फोटो साडेतेरा सेंटिमीटरपर्यंतच नीट टिकतो. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला आम्हाला पानभर फोटो हवा होता. ए४ पानाची उंची वर-खाली ३ मिलिमीटर ब्लीड (कटिंगमध्ये जाणारी जास्तीची कड) धरून ३०३ मिलिमीटर होते, म्हणजे लांब बाजूला जवळपास ३६०० पिक्सेल लागतात. हाती होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. फोटोच्या फाइलीत ७२ किंवा ३०० असा जो आकडा लिहिलेला दिसतो त्यावर जाऊ नये, कारण तो केवळ लेबलासारखा असतो. फोटो पानावर लहान-मोठा केल्यानंतर उरणारे प्रत्यक्ष पीपीआय इनडिझाइनच्या (पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर) लिंक्स पॅनेलमध्ये दिसते आणि तेच खरे.

मूळ फोटो ज्याने काढले त्याचा शोध घेतल्यावर बहुतेक मूळ फाइली मिळाल्या. ज्या मिळाल्या नाहीत ती अवजारे मागवून घेऊन कार्यालयातच फोटो काढले. हातोड्या आणि करवती सहज जमल्या, परंतु क्रोम प्लेटिंग केलेल्या पान्यांनी दुपार खाल्ली. चकचकीत पाना आरशासारखे सगळे दाखवतो: दांड्याच्या उतारावर कॅमेऱ्याचे काळे भिंग, त्याच्या मागे कनिष्ठ डिझायनरचा चौकड्यांचा शर्ट आणि जबड्याच्या कडेवर ट्यूबलाइटची सरळ पांढरी रेघ. शेवटी पान्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभारला, दिवे तंबूच्या बाहेरून लावले, भिंगापुरते भोक ठेवले आणि पान्याच्या दोन्ही अंगांना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्या पट्ट्यांची प्रतिबिंबे कडांवर पडल्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवरही पान्याचा आकार ठळक उमटला. पट्ट्या नव्हत्या तेव्हा अवजार पार्श्वभूमीत विरघळल्यासारखे दिसत होते.

१४ जून

यादीत काही उत्पादन-क्रमांक दोनदा आढळले आणि वजने कुठे ग्रॅममध्ये, तर कुठे किलोत होती. त्यामुळे एकच मुख्य एक्सेल फाइल ठरवली. आकड्यांतील कोणतीही दुरुस्ती फक्त तिच्यात करायची आणि पानावरचे तक्ते डेटा मर्जने (यादीतील माहिती पानावर आपोआप भरणारी इनडिझाइनची सोय) तिच्यातूनच भरायचे. मर्जसाठी फाइल साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फाइलीत) जतन केली तेव्हा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या. एक्सेलमध्ये ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार निवडल्यावर अक्षरे शाबूत राहिली.

१९ जून

मराठी मजकूर जुन्या कॅटलॉगमधून घ्यायचा होता आणि तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला होता. अशा फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरने बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आला, पण ‘कातऱ्या’ सगळीकडे ‘कातर्या’ झाल्या, काही ठिकाणी रफार एक अक्षर मागे सरकला आणि ‘ॲ’च्या जागी नुसता ‘अ’ उरला. कॉपीरायटरने ठरावीक चुका शोधून-बदलून काढल्या आणि तरीही सगळा मजकूर जुन्या छापील प्रतीशी ओळीनिशी ताडून पाहिला. या ताडणीला कोटेशनमध्ये वेळ धरलेला नव्हता. पुढे ज्यांना जुना मजकूर मिळेल त्यांनी तो पुन्हा टाइप करण्याचा आणि रूपांतर करून तपासण्याचा, असा दोन्हींचा अंदाज आधी घ्यावा. मजकूर थोडा असेल तर नव्याने टाइप करणेच परवडते.

इनडिझाइनमध्ये परिच्छेद वर्ल्ड-रेडी कंपोझरवर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणाऱ्या पर्यायावर) ठेवावे लागतात, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. हा पर्याय प्रत्येक पॅराग्राफ स्टाइलमध्येच नोंदवून ठेवावा. सुट्या चौकटीत हाताने निवडल्यास पुढची चौकट पुन्हा जुन्या सवयीने उघडते. मजकुराची भाषा मराठी अशी लावल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात. हिंदी वळणाचा ‘श’ दुकानदाराला खटकेलच असे नाही, पण आम्हाला खटकतो. इंग्रजीला ९ पॉइंटवर १२ची ओळ (९ पॉइंटचे अक्षर, १२ पॉइंटचे ओळ-अंतर) पुरत होती. मराठीत शिरोरेषेवर मात्रा-रफार आणि खाली उकार येत असल्यामुळे तीच ओळ गुदमरत होती, म्हणून मराठी १० पॉइंटवर १५ अशी ठेवली. त्यामुळे पानावरील मजकुराची लांबी वाढली आणि आधी आखलेला ग्रिड (पानावरील रकाने व ओळींची चौकट) पुन्हा आखावा लागला. आधी मराठी बसवून मग इंग्रजी बसवली असती तर हे दुहेरी काम वाचले असते.

२६ जून

कॅटलॉगला आज जवळजवळ हातच लागला नाही. सकाळी एका नियमित क्लायंटची सोशल मीडियाची पोस्ट तातडीने बदलायची होती, ती होते न होते तोच दुसऱ्याला प्रदर्शनाच्या फलकाची फाइल हवी होती आणि ती ज्या संगणकावर होती त्याचा डिझायनर रजेवर होता. लहान एजन्सीचा दिवस असाच फुटतो. कोणतेही काम मोठे नसते, पण प्रत्येक कामाच्या मागे आधीच्या फाइलीत परत शिरायला लागणारा वेळ असतो आणि तो कोणाच्याही बिलात येत नाही. टाइमशीटमध्ये ‘खंड’ असा वेगळा रकाना उघडला आहे. वरिष्ठ डिझायनरचे म्हणणे असे की तो रकाना भरणे हाही एक खंडच आहे, आणि ते खोटे नाही.

सध्यापुरते असे ठरवले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत डिझायनरांना फोन जोडायचा नाही. निरोप क्लायंटशी बोलणाऱ्या सहकाऱ्याने लिहून घ्यायचे आणि दुपारी एकदाच द्यायचे. खरोखर तातडीचे असे त्यांतून किती निघते, ते पाहायचे आहे.

२ जुलै

पहिला आराखडा दाखवला. प्रतिक्रिया मार्केटिंग विभागातील निरनिराळ्या लोकांकडून निरनिराळ्या वाटांनी आल्या: कोणी ईमेल लिहिला, कोणी छापील प्रतीवर पेनाने खुणा करून तिचा तिरका फोटो पाठवला, कोणी फोन केला आणि विक्री प्रमुखांनी लांबलचक ध्वनिसंदेश पाठवला. तो ऐकून लिहून काढताना कॉपीरायटरला दर वाक्याला थांबावे लागले, कारण ‘त्या डाव्या पानावरचं ते’ म्हणजे कोणत्या पानावरचे, हे मागचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नव्हते. एकाला तक्ते मोठे हवे होते, तर दुसऱ्याला फोटो. दोन्ही एकाच पानावर मोठे करता येत नाहीत, हे दोघांना वेगवेगळे सांगण्यात दिवस गेला.

यावर काढलेला मार्ग पुढीलप्रमाणे आणि तो टिकला. शेअर केलेली एकच पीडीएफ, सर्व सूचना तिच्यातच कॉमेंट म्हणून, आणि परस्परविरोधी सूचनांचा निकाल क्लायंटने आपल्याकडे लावून मगच ‘फेरी पूर्ण’ असा ईमेल पाठवायचा. तो ईमेल येईपर्यंत आम्ही फाइल उघडत नाही. फाइलच्या नावातून ‘फायनल’ हा शब्द हद्दपार केला असून फेरीचा क्रमांक आणि तारीख एवढेच ठेवले आहे.

९ जुलै

दुसरी फेरी पूर्ण झाल्याचा ईमेल आला आणि त्याच दिवशी कारखान्याच्या मालकांनी कॅटलॉग पहिल्यांदा पाहिला. त्यांना विभागांचा क्रम बदलून हवा होता, पकडींचा विभाग आधी हवा होता आणि शिवाय हमीच्या अटी व सेवा केंद्रांची यादी अशी दोन पाने जास्तीची हवी होती. मालकांच्या क्रमामागचे कारण योग्य होते: दुकानदार सर्वांत जास्त पकडी मागवतो, हे त्यांना ठाऊक होते, आणि मार्केटिंग विभागाने ब्रीफमध्ये ते कुठेही लिहिले नव्हते. म्हणजे बदल चांगला होता, फक्त तो पहिल्या दिवशी यायला हवा होता. ब्रीफमधला तो नाव नसलेला रकाना असा अंगावर आला.

पानांचा प्रश्न सरळ नव्हता. सेंटर पिनच्या बांधणीत पाने चारच्या पटीतच वाढतात. शिवाय आमची ४८ पाने सोळा-सोळाच्या तीन फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांचे गट) बसत होती आणि ५२ केली असती तर चार पानांसाठी वेगळा फर्मा, वेगळ्या प्लेटा (छपाईचे पत्रे, दर शाईला एक) आणि यंत्राची वेगळी मांडणी, असा खर्च वाढला असता. मुखपृष्ठाच्या दोन्ही आतील बाजू कोऱ्या सोडलेल्या होत्या. हमीच्या अटी एका बाजूला आणि सेवा केंद्रे दुसऱ्या बाजूला नेली आणि फर्मे तीनच राहिले. मुखपृष्ठ आतून छापण्याचा खर्च वाढला, पण तो नव्या फर्म्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

क्रम बदलल्यामुळे अनुक्रमणिका, पानांचे संदर्भ आणि कडेच्या रंगीत पट्ट्या सगळेच नव्याने करावे लागले. हे तिसऱ्या फेरीत धरून वेगळे बिल लावावे, असे माझे मत होते. क्लायंटच्या मते ही दुसऱ्याच फेरीची पूर्तता होती, आणि कोटेशनमध्ये व्याख्या नसल्यामुळे त्यांना खोडून काढण्याजोगे आमच्याकडे काही नव्हते. वाढीव कामाचा निम्मा भार आम्ही सोसला. उरलेल्या निम्म्याबद्दलचा करार काम सुरू करण्यापूर्वी ईमेलवर घेतला.

१६ जुलै

छपाईपूर्व तपासणी. क्लायंटच्या बोधचिन्हातील नारिंगी आजवर पडद्यावरच वापरला गेला होता. आरजीबीतील (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातील) असा भडक नारिंगी सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) शाईत उतरत नाही, विटकरीकडे झुकतो. पँटोन रंगाची (आधीच मिसळलेल्या प्रमाण शाईची) पाचवी प्लेट सर्व फर्म्यांना परवडणारी नव्हती, म्हणून ती फक्त मुखपृष्ठाला घेतली आणि आतील पानांवर नारिंगी मोठ्या पट्ट्यांत न वापरता बारीक रेषांत वापरला, म्हणजे दोन्हींतला फरक शेजारी-शेजारी ठेवूनही डोळ्यांत भरत नाही.

इतर जे सापडले ते असे. तक्त्यांच्या काही रेषांना काळ्याऐवजी ‘रजिस्ट्रेशन’ हा रंग लागला होता. पडद्यावर तो काळाच दिसतो, पण तो चारही प्लेटांवर शंभर टक्के उमटतो, म्हणजे ४०० टक्के शाई. प्रेसने मर्यादा ३०० टक्क्यांची दिली होती. सेपरेशन्स प्रीव्ह्यूमध्ये (प्रत्येक प्लेट वेगळी दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) शाईची मर्यादा लावल्यावर त्या रेषा लाल होऊन उठल्या. मुखपृष्ठावरचे बोधचिन्ह आधी काळे होते आणि त्याला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापण्याचा पर्याय) लावलेले होते. ते पांढरे केले, पण ओव्हरप्रिंट तसेच राहिले. पांढरी शाई नसल्यामुळे छपाईत ते गायबच झाले असते. मुखपृष्ठाची काळी पार्श्वभूमी नुसत्या काळ्या शाईने करडी दिसते, म्हणून सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० असे मिश्रण केले. याउलट, आतील सगळा मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवला, कारण १० पॉइंटचे अक्षर चार प्लेटांत विभागले आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक वेलांटीला रंगीत सावली पडते.

२० जुलै

छपाईपूर्व प्रूफ (रंग तपासण्यासाठीची नमुना-छपाई) संध्याकाळी आले. ट्यूबलाइटखाली पाहून क्लायंटच्या प्रतिनिधीने नारिंगी मळकट असल्याचे सांगितले आणि आमच्या डिझायनरलाही तसेच वाटले. सही त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ते प्रूफ प्रेसच्या तपासणी-मेजावर ५००० केल्व्हिनच्या प्रमाण प्रकाशात पाहिले तेव्हा पँटोनच्या पट्टीशी तंतोतंत जुळत होते. रंगाची सही ट्यूबलाइटखाली घेऊ नये आणि फोनवरच्या फोटोवरून तर मुळीच घेऊ नये. सही घेतली ती आता मालकांची, प्रत्येक पानावर.

२४ जुलै

प्लेटा तयार झाल्यानंतर फोन आला की एका करवतीचा उत्पादन-क्रमांक कारखान्यानेच बदलला आहे. मुख्य एक्सेलमध्ये तो क्रमांक दुरुस्त केला आणि पान नव्याने काढले. मजकूर केवळ काळ्या शाईत असल्यामुळे त्या फर्म्याच्या एका बाजूची एकच काळी प्लेट बदलावी लागली. तोच आकडा चार रंगांच्या मिश्रणात असता तर चारही प्लेटा गेल्या असत्या. नव्या प्लेटेचा खर्च क्लायंटने विनातक्रार दिला.

२७ जुलै

यंत्रावर पहिली पाने पाहायला गेलो. रजिस्टरच्या खुणा (सगळ्या शाया एकमेकींवर नीट बसल्या का ते दाखवणाऱ्या) भिंगाखाली जुळल्यावर मंजुरीची पाने बाजूला काढली आणि त्यांवर सही व वेळ लिहिली. मुखपृष्ठाच्या काळ्या भागाची शाई वाळायला वेळ लागतो आणि ती ओली असताना थप्पी चढवली तर वरच्या कागदाच्या पाठीला डाग पडतात. यावेळी आतली बाजूही छापलेली असल्यामुळे अधिकच जपावे लागले. प्रेसने दुमडणी एक दिवस पुढे ढकलली.

कडेच्या रंगीत पट्ट्यांची काळजी होती. पिनच्या बांधणीत आतील कागद बाहेरच्या कागदांच्या जाडीमुळे पुढे सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढे कापले जातात. आमच्या बारा दुमडलेल्या कागदांत हा फरक मधल्या पानांवर मिलिमीटरहून थोडा अधिक होता. सहा मिलिमीटरची पट्टी त्यामुळे मधोमध बारीक दिसली असती. प्रत्यक्ष कागदाची कोरी डमी आधीच बांधून, कापून आणि मोजून घेतली होती, त्यामुळे प्रेसने पानांच्या मांडणीत तो फरक पोटात घेतला. मुखपृष्ठ मात्र फसले. कागदाचा दाणा (तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवा, तो आडवा आला होता आणि घडीवर काळी शाई तडकून कागदाची पांढरी रेघ दिसू लागली. बांधणी थांबवली, उरलेल्या मुखपृष्ठांना क्रीझिंग (घडीच्या जागी आधीच दाबून खाच पाडणे) करून घेतले आणि आधीच दुमडलेली बाजूला ठेवली. ती नमुना-प्रती म्हणून वापरण्यास क्लायंट राजी झाला. दाण्याची दिशा आमच्या कागदाच्या मागणीपत्रात लिहिलेली नव्हती, त्यामुळे क्रीझिंगचा खर्च प्रेसकडे मागता आला नाही.

३ ऑगस्ट

टाइमशीटची बेरीज केली. पानांच्या मांडणीला अंदाजाइतकाच वेळ लागला. अंदाज चुकला तो जुन्या मजकुराची ताडणी, प्रतिक्रियांची जुळवाजुळव आणि क्रम बदलल्यानंतरचे काम या तीन ठिकाणी, आणि या तिन्हींना मिळून मांडणीहून अधिक तास गेले. कामात नफा उरला, पण आम्ही धरला होता तेवढा नाही. कोटेशनच्या नमुन्यात आता फेरीची व्याख्या आली आहे (एकत्रित सूचनांचा एक संच, एका नावाच्या व्यक्तीकडून), जुन्या फॉन्टमधील मजकुराचा दर वेगळा लावला आहे आणि अंतिम मंजुरी देणाऱ्याचे नाव भरल्याशिवाय आगाऊ रकमेचे बिल निघणार नाही. या शेवटच्या अटीला क्लायंटशी बोलणाऱ्या सहकाऱ्याचा विरोध आहे, कारण त्यामुळे एखादे काम हातचे जाईल असे त्याला वाटते. पुढच्या दोन-तीन कामांत ती लावून पाहायचे ठरले आहे.

दुपारच्या निरोपांची वहीही पाहिली. जेवणापर्यंत थांबल्यामुळे ज्याचे खरोखर नुकसान झाले असा निरोप त्यात नाही, म्हणून ती पद्धत चालू ठेवत आहोत.

७ ऑगस्ट

क्लायंटने ओपन फाइली (बदल करता येतील अशा मूळ फाइली) मागितल्या. त्यांबद्दल कोटेशनमध्ये काहीच नव्हते आणि आमच्यात दोन मते होती. शेवटी, मजकूर आणि उत्पादने त्यांची आहेत आणि पुढची आवृत्ती आमच्याकडेच यावी म्हणून फाइल अडवून ठेवणे शोभत नाही, यावर एकमत झाले. शेवटची रक्कम जमा झाल्यावर इनडिझाइनची पॅकेज केलेली फाइल, जुन्या आवृत्तीत उघडण्यासाठी आयडीएमएल, मूळ फोटो, मुख्य एक्सेल आणि छपाईची पीडीएफ असे सगळे दिले. पॅकेजमध्ये फॉन्टच्या फाइलीही आपोआप येतात. आमच्या मराठी फॉन्टचा परवाना त्या इतरांना देण्याची मुभा देत नाही, म्हणून ते फोल्डर काढून त्याऐवजी फॉन्टच्या नावांची यादी आणि ते कुठून विकत घ्यायचे याची माहिती ठेवली. सोबत वर्ल्ड-रेडी कंपोझरबद्दलची सूचना एका वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहून तिचे नाव ‘आधी हे वाचा’ असे दिले आहे.